भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये गाडी: बारा महिन्यांचा हिशोब आणि दोन परीक्षा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकहून स्किल्ड वर्कर व्हिसावर लीड्सला येऊन सात महिने झाले. नवरा-बायको दोघांकडेही महाराष्ट्रातलं चारचाकीचं लायसन्स आहे, हातही चांगला बसलेला आहे. ते ब्रिटिश लायसन्समध्ये कन्व्हर्ट कसं करायचं? आणि मध्ये महिनाभर भारतात जाऊन आलं तर बारा महिन्यांची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात का?

आधी दोन्हीची सरळ उत्तरं देतो. भारतीय लायसन्स ब्रिटनमध्ये कन्व्हर्ट होतच नाही, आणि भारतात जाऊन आल्याने मुदत पुन्हा सुरू होत नाही. बारा महिने हा कन्व्हर्जन करून घेण्याचा अवधी नाही. तेवढ्या काळात ब्रिटिश प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल अशा दोन्ही परीक्षा पास व्हायचं असतं. हे पहिल्याच महिन्यात समजलं तर सगळं आरामात होतं. नवव्या-दहाव्या महिन्यात समजलं तर परीक्षेची तारीखच मुदतीत मिळत नाही. तुमचे सात गेलेत, पाच उरलेत, म्हणजे आजपासूनच हालचाल करायला हवी.

हे सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी आहे. उत्तर आयर्लंडमध्ये लायसन्स देणारी यंत्रणाच वेगळी आहे, त्यामुळे बेलफास्टला असलेल्यांनी तिथले नियम पाहावेत.

मुदतीबद्दलचा घोळ कुठून येतो तेही सांगतो, कारण तो फार पसरलेला आहे. फिरायला आलेल्या माणसाचे बारा महिने ब्रिटनमध्ये शिरल्याच्या तारखेपासून मोजतात. आईवडील व्हिजिटर व्हिसावर आले, परत गेले, पुढच्या वर्षी पुन्हा आले, तर त्यांचा हिशोब नव्याने सुरू होतो आणि भारतीय लायसन्सवर ते गाडी चालवू शकतात, अर्थात गाडीच्या इन्शुरन्समध्ये त्यांचं नाव असेल तरच. इथे राहायला आलेल्या माणसाला हा नियम लागू नाही. त्याचे बारा महिने इथला रहिवासी झाल्याच्या दिवसापासून मोजतात, आणि नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या बाबतीत व्यवहारात तो दिवस म्हणजे इथे राहायला येऊन पोचल्याचा दिवस. मध्ये दिवाळीला नाशिकला गेलात तरी घड्याळ चालूच राहतं. तुमच्या पत्नी नंतर आल्या असतील तर त्यांचे बारा महिने त्यांच्या येण्यापासून. दोघांच्या तारखा वेगळ्या लिहून ठेवा.

या बारा महिन्यांत भारतीय लायसन्स मात्र पूर्ण काळ जिवंत असायला हवं. ते मध्येच संपलं तर इथला हक्कही त्या दिवशी संपतो. कार्ड प्रत्यक्ष जवळ ठेवा, डिजिलॉकरमधली प्रत इथल्या पोलिसाला किंवा इन्शुरन्स कंपनीला चालेल असं गृहीत धरू नका. आरटीओतून फॉर्म ४-ए भरून घेतलेलं इंटरनॅशनल परमिट असेल तर भाड्याची गाडी घेताना उपयोगी पडतं, पण त्याने बारा महिन्यांचे तेरा होत नाहीत.

तेराव्या महिन्यात भारतीय लायसन्सवर एकट्याने गाडी काढली तर काय होतं? तुमच्याकडे त्या गाडीसाठी वैध लायसन्स नाही, हा एक गुन्हा, त्याला ३ ते ६ पेनल्टी पॉइंट (लायसन्सच्या नोंदीवर चढणारे दंडाचे गुण). त्याहून वाईट म्हणजे वैध लायसन्स नसेल तर बहुतेक पॉलिसींचं संरक्षण लागू होत नाही, म्हणजे तुम्ही विनाइन्शुरन्स गाडी चालवत होतात असा दुसरा गुन्हा. त्याला ६ ते ८ पॉइंट आणि ३०० पौंडांचा ठरावीक दंड, प्रकरण कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही. पोलीस गाडी तिथल्या तिथे जप्त करू शकतात. आणि विनाइन्शुरन्सचा शिक्का एकदा रेकॉर्डवर लागला की पुढची काही वर्षं प्रीमियम भरताना घाम फुटतो. ऑफिस जवळच आहे, कोण पकडतंय, हा विचार इथे करू नका. रस्त्यावरचे कॅमेरे नंबरप्लेट वाचून इन्शुरन्स आहे की नाही हे जागेवर तपासतात.

आता एक महत्त्वाचा अपवाद, कारण आपल्याकडची बरीच मंडळी दुबई किंवा सिंगापूर करून ब्रिटनला येतात. काही देशांची लायसन्स ब्रिटन परीक्षेशिवाय बदलून देतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, जपान, सिंगापूर, हाँगकाँग, दक्षिण आफ्रिका, स्वित्झर्लंड ही त्यातली काही, आणि २०२१ च्या मे महिन्यापासून संयुक्त अरब अमिरातीही. अर्ज डी-१ फॉर्मवर, फी ४३ पौंड, आणि रहिवासी झाल्यापासून पाच वर्षांच्या आत करता येतो. मूळ लायसन्स त्यांच्याकडे जमा होतं. पण अट अशी की प्रॅक्टिकल परीक्षा त्याच देशात दिलेली असली पाहिजे. दुबईत भारतीयांना रस्त्यावरची परीक्षा द्यावीच लागते, त्यामुळे तिथलं लायसन्स सहसा चालतं. सिंगापूरला मात्र भारतीय लायसन्स दाखवून आणि फक्त थिअरी देऊन तिथलं लायसन्स मिळवता येतं. तसं मिळवलेलं असेल तर ब्रिटन ते बदलून देत नाही, कारण मुळात ते भारताच्या परीक्षेवर उभं आहे. कॅनडाच्या लायसन्सवर ऑटोमॅटिकचाच हक्क मिळतो, मॅन्युअल हवा असेल तर मॅन्युअल गाडीवर परीक्षा दिल्याचा पुरावा जोडावा लागतो. तुमचं लायसन्स थेट महाराष्ट्रातलं आहे, त्यामुळे तुम्हाला हा रस्ता नाही.

तर कामाला लागू. पहिली पायरी प्रोव्हिजनल लायसन्स. ते डीव्हीएलए (लायसन्स देणारी सरकारी संस्था) देतं, सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्ज केला तर ३४ पौंड, पोस्टाने ४३. किमान १८५ दिवस इथे राहण्याची परवानगी असावी लागते, स्किल्ड वर्कर व्हिसात तो प्रश्न येत नाही. पासपोर्ट, ई-व्हिसाचा शेअर कोड (व्हिसाची माहिती दाखवणारा ऑनलाइन कोड) आणि गेल्या तीन वर्षांत राहिलेल्या सगळ्या जागांचे पत्ते तयार ठेवा, त्यात नाशिकचा पत्ताही येतो. पोस्टाने कागद पाठवायची वेळ आली तर पासपोर्ट परत येईपर्यंत प्रवास ठरवू नका. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. भारतीय लायसन्सवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर वेगळं, असं आपल्याकडे सर्रास असतं. इथे पासपोर्ट प्रमाण माना. आणि एका सरकारी कामासाठी तीन-तीन खासगी संकेतस्थळं जास्त पैसे उकळायला बसलेली असतात, तिकडे फिरकू नका.

प्रोव्हिजनल काढलं की आपण शिकाऊ झालो, आता एकट्याने चालवता येणार नाही, अशी भीती खूप जणांना असते आणि त्यापायी ते अर्ज लांबवतात. तसं काही होत नाही. बारा महिने संपेपर्यंत तुमचा भारतीय लायसन्सवरचा हक्क शाबूत राहतो. एल प्लेट लागत नाही, शेजारी कुणी बसावं लागत नाही, मोटरवेवरही जाता येतं. भारतीय कार्डही जमा करावं लागत नाही. त्यामुळे प्रोव्हिजनल लवकर काढण्यात तोटा काहीच नाही. फक्त इन्शुरन्स कंपनीला दोन्ही लायसन्सची खरी माहिती द्या, आणि पॉलिसी कोणत्या लायसन्सवर आहे ते लेखी मागून घ्या.

दुसरी पायरी थिअरी. फी २३ पौंड. दोन भाग असतात आणि दोन्ही एकाच बैठकीत पास व्हावे लागतात. पहिल्यात ५७ मिनिटांत ५० प्रश्न, त्यातले ४३ बरोबर यायला हवेत. दुसरा भाग हॅझर्ड पर्सेप्शनचा, म्हणजे व्हिडिओत धोका घडताना दिसला की क्लिक करायचं, १४ व्हिडिओ, ७५ पैकी ४४ गुण. परीक्षा इंग्रजीत असते (वेल्समध्ये वेल्शही), परदेशी भाषांमधला आवाज आणि दुभाषे २०१४ च्या एप्रिलपासून बंद झाले.

पहिल्या भागात अनुभवी चालक गाफील राहतात. प्रश्न गाडी चालवता येते का याचे नसतात, हायवे कोडचे, म्हणजे सरकारी वाहतूक नियमावलीचे असतात. ताशी ३० मैलांच्या वेगाने जाणारी गाडी थांबायला २३ मीटर लागतात, ७० ला ९६ मीटर, हे पाठच हवं. पांढऱ्या वर्तुळावर काळी तिरकी रेघ म्हणजे वेगमर्यादा नाही असं नव्हे. त्याचा अर्थ राष्ट्रीय मर्यादा, साध्या रस्त्यावर ६० आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर ७० मैल. दिव्याचे खांब असलेल्या वस्तीत पाटी नसेल तर ३०, पण वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून २०. जानेवारी २०२२ मध्ये हायवे कोड बदलला. तुम्ही वळताय त्या रस्त्याच्या तोंडाशी पायी माणूस ओलांडायला उभा असेल तर आधी त्याला जाऊ द्यायचं, सायकलवाल्याला ३० मैलांपर्यंतच्या वेगात ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचं. जुनी पुस्तकं किंवा मित्राकडून आलेली पीडीएफ वाचून जाऊ नका.

दुसऱ्या भागात आपले लोक वेगळ्याच कारणाने गुण घालवतात. भारतात गाडी चालवलेल्याला धोका फार लवकर दिसतो. पार्क केलेल्या व्हॅनमागे पाय दिसले की तो लगेच क्लिक करतो. पण गुण मिळण्याची खिडकी तो माणूस रस्त्यावर यायला लागला की उघडते, त्याआधीच्या क्लिकला शून्य. उपाय सोपा: संशय आला तेव्हा एक क्लिक, आणि धोका प्रत्यक्ष घडायला लागला की लगेच आणखी एक. धडाधड किंवा ठरावीक तालात क्लिक केलंत तर मात्र यंत्र त्या व्हिडिओचे सगळे गुण काढून टाकतं. चौदापैकी एका व्हिडिओत दोन धोके असतात, तो कोणता हे सांगत नाहीत, म्हणून पहिला धोका झाला की हात आखडू नका. दहा-पंधरा दिवस रोज अर्धा तास अधिकृत सराव केला तर हा भाग निघतो. नापास झालात तर कामकाजाचे तीन दिवस थांबून पुन्हा देता येते.

थिअरी पास झाल्याशिवाय प्रॅक्टिकलची तारीख घेता येत नाही, म्हणून पास झालात त्याच दिवशी संध्याकाळी प्रॅक्टिकल बुक करा. फी कामकाजाच्या दिवशी ६२ पौंड, संध्याकाळी, शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला ७५. बुकिंग चोवीस आठवडे पुढपर्यंतचं खुलं असतं आणि बऱ्याच केंद्रांवर ते टोकापर्यंत भरलेलं असतं. तुमच्या पाच महिन्यांच्या हिशोबात हीच खरी अडचण आहे. जी तारीख मिळेल ती आधी पकडा, मग अधिकृत बुकिंग सेवेत रोज सकाळी लवकरची तारीख शोधा, रद्द झालेल्या तारखा तिथे परत येतात. केंद्र सुरुवातीलाच विचार करून निवडा, नंतर बदलून घेऊ म्हणून दोनशे मैलांवरचं धरून बसू नका. दलालाकडून तारीख विकत घेऊ नका, पैसे जातात आणि तुमचा लायसन्स नंबर भलत्याच्या हातात पडतो. तारीख बदलायची असेल तर फी न गमावता ती कामकाजाचे पूर्ण दहा दिवस आधी बदलावी लागते. हा नियम एप्रिल २०२५ पासून आहे, त्याआधी तीन दिवस पुरत होते, त्यामुळे जुनी माहिती सांगणारे भेटतील.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक? ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं, भारतातलं गिअरचं लायसन्स त्यात धरत नाहीत. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे आणि गिअर डाव्या हाताला, म्हणजे हाताची सवय कामी येते. म्हणून भारतात गिअरची गाडी नेहमी चालवणाऱ्याने मॅन्युअलच द्यावी असं माझं मत आहे. गेली काही वर्षं फक्त ऑटोमॅटिक चालवली असेल आणि मुदत जवळ आली असेल, तर ऑटोमॅटिकवर मोकळं व्हा. इलेक्ट्रिक गाड्या तशाही सगळ्या त्यातच बसतात.

आता प्रॅक्टिकल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण वाहतूक डावीकडूनच चालते हे सारखेपण आपल्या लोकांना फसवतं. अमेरिकेत गेलेला माणूस उजवीकडून चालवायचं म्हणून सावध असतो. इथे पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटतं आणि जुन्या सवयी जशाच्या तशा गाडीत बसतात.

परीक्षा साधारण चाळीस मिनिटं चालते. सुरुवातीला २० मीटरवरची नंबरप्लेट वाचायला सांगतात. ती वाचता आली नाही तर परीक्षा तिथेच संपते, चष्मा लागत असेल तर घालूनच जा. मग एक प्रश्न तोंडी, उदाहरणार्थ टायरची नक्षी किती खोल हवी (मधल्या तीन-चतुर्थांश भागात १.६ मिलिमीटर), आणि एक चालवता चालवता, उदाहरणार्थ मागच्या काचेचा डिमिस्टर (काचेवरची वाफ घालवणारा) लावून दाखवा. अनोळखी गाडी असेल तर ही बटणं आदल्या दिवशी हाताखालून घाला. परीक्षेचा बराच भाग सॅटनॅव्ह किंवा पाट्या पाहून स्वतः जायचं असतं. रस्ता चुकलात तर तो दोष धरत नाहीत. चुकीच्या लेनमध्ये असताना ऐनवेळी आडवे घुसलात तर धरतात. रिव्हर्सचा एक प्रकार येतो: पॅरलल पार्किंग, पार्किंगच्या खणात गाडी घालणं, किंवा उजव्या बाजूला थांबून दोन गाड्यांइतकं मागे येऊन पुन्हा वाहतुकीत शिरणं. हा तिसरा भारतात कुणी शिकवत नाही, तो मुद्दाम करून बघा.

किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात. गंभीर किंवा धोकादायक चूक एक जरी झाली तरी नापास. तीच किरकोळ चूक पुन्हा पुन्हा झाली तर परीक्षक तिला गंभीर ठरवू शकतो, आणि आपली मंडळी बहुतेक इथेच अडकतात. गाडीवर ताबा उत्तम असतो, पण बघण्याची पद्धत चुकलेली असते. आपल्याकडे चालक समोर बघतो आणि मागचा हॉर्न देतो. इथे मागचं बघण्याची जबाबदारी तुमची. इंडिकेटर देण्याआधी आतला आरसा आणि ज्या बाजूला वळणार त्या बाजूचा आरसा, वेग कमी करण्याआधी आतला आरसा, बाजूला उभी गाडी ओलांडण्याआधी आरसे, आणि थांबलेली गाडी हलवण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे मान वळवून बघणं. फक्त डोळे फिरवले तर परीक्षकाला कळत नाही, मान किंचित हलली पाहिजे. डीव्हीएसए (परीक्षा घेणारी सरकारी संस्था) नापास होण्याची मुख्य कारणं जाहीर करतं, त्यात जंक्शनवर नीट न बघणं आणि आरसे न वापरणं ही वरच्या जागी असतात.

राउंडअबाउट नीट बघा. आपल्या सर्कलला ज्याने नाक घातलं तो पुढे. इथे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट, आणि उजवीकडे मोकळं असेल तर न थांबता जायचं. मोकळं असताना थांबून राहणं हीसुद्धा चूक आहे, दोनदा-तीनदा झालं तर त्यावरच नापास होता येतं. समजा तिसऱ्या फाट्याने उजवीकडे जायचं आहे. लांबूनच आरसे, उजवा इंडिकेटर, पाटी किंवा रस्त्यावरचा बाण वेगळं सांगत नसेल तर उजवी लेन. जवळ येताना दुसरा गिअर, नजर उजवीकडच्या तोंडावर. जागा मिळाली की आत, उजवा इंडिकेटर चालूच, मधल्या गोलाला लागून. दुसरा फाटा गेला की आतला आरसा, डावा आरसा, डावा इंडिकेटर, मग बाहेर. हा शेवटचा डावा इंडिकेटर आपले निम्मे लोक विसरतात आणि डावीकडच्या लेनमधल्या गाडीसमोर येतात. छोट्या रंगवलेल्या मिनी राउंडअबाउटवरूनही गोलाला वळसा घालूनच जायचं, त्याच्यावरून गाडी सरळ नेली तर चूक. फक्त लांबलचक वाहनाला तेवढी मुभा आहे.

हेडलाइटचा अर्थ दोन देशांत उलटा आहे. आपल्या घाटात समोरच्याने डिपर मारला की ‘मी येतोय, तू थांब’. इथले लोक ‘या, तुम्ही आधी या’ म्हणून मारतात, आणि हायवे कोड म्हणतो की त्याचा अर्थ फक्त ‘मी इथे आहे’ एवढाच. त्यामुळे परीक्षेत कुणी लाइट मारला म्हणून पुढे जाऊ नका, स्वतः बघून ठरवा. हॉर्न वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात वाजवायचा नाही, आणि एरवीही सावध करण्यापुरताच. ‘स्टॉप’ची पाटी आणि पांढरी रेघ असेल तिथे रस्ता रिकामा दिसला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. पिवळा दिवा म्हणजे थांबा, सुरक्षितपणे थांबता येत नसेल तरच पुढे. उभ्या गाड्यांची रांग तुमच्या बाजूला असेल तर समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्या, आणि उभ्या गाडीचं दार उघडेल एवढी जागा सोडून जा. अर्ध्या क्लचवर गाडी तरंगत ठेवण्याची सवय सोडा, थांबल्यावर हँडब्रेक लावा.

यासाठी शिकवणीचे तीस तास लागत नाहीत. हात बसलेल्या माणसाला एखाद्या मान्यताप्राप्त शिक्षकाबरोबर दोन-दोन तासांच्या तीन-चार बैठका पुरतात, त्यातली एक परीक्षा-केंद्राच्या आसपास आणि एक पूर्ण नकली परीक्षा. काचेवर हिरवा बिल्ला असेल तर शिक्षक पूर्ण पात्र, गुलाबी असेल तर तो प्रशिक्षणार्थी. पहिल्याच बैठकीत त्याला स्पष्ट सांगा की गाडी शिकवायची नाही, माझ्या सवयी पकडायच्या आहेत.

शिक्षकाची गाडी वापरणं सोयीचं. स्वतःची नेणार असाल तर टॅक्स भरलेला, तीन वर्षांहून जुनी असेल तर एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी), परीक्षेला लागू असलेला इन्शुरन्स, पुढे-मागे एल प्लेट, परीक्षकासाठी आत चिकटवायचा जादा आरसा, आणि डॅशबोर्डवर एकही धोक्याचा दिवा पेटलेला नको. यातलं एक कमी असलं तरी परीक्षा रद्द आणि फी बुडाली. भाड्याच्या गाडीला दुहेरी कंट्रोल (शेजारच्या सीटकडेही ब्रेक-क्लच) नसतील तर ती चालत नाही. ब्रिटिश प्रोव्हिजनल कार्ड सोबत हवंच, भारतीय कार्ड दाखवून उपयोग नाही. नापास झालात तर पुढची परीक्षा किमान दहा कामकाजाच्या दिवसांनंतर.

तारीख बारा महिन्यांच्या पलीकडची मिळाली तर घाबरायचं कारण नाही, पण मधल्या काळात तुम्ही शिकाऊ आहात. एल प्लेट लावायच्या, इन्शुरन्स शिकाऊचा करून घ्यायचा, मोटरवेवर फक्त दुहेरी कंट्रोलच्या गाडीतून मान्यताप्राप्त शिक्षकाबरोबरच जायचं, आणि शेजारी पात्र माणूस बसलेला हवा. पात्र म्हणजे वय २१ च्या वर आणि ब्रिटिश किंवा युरोपीय पूर्ण लायसन्स तीन वर्षांपासून हातात. नवराबायकोंचा हिशोब इथे चुकतो. समजा तुम्ही ऑक्टोबरात पास झालात, पत्नीचे बारा महिने नोव्हेंबरात संपले, तर त्यांच्या शेजारी बसायला तुम्ही पात्र नाही, कारण भारतातली तुमची दहा वर्षं यात धरत नाहीत. अशा वेळी तीन वर्षांपूर्वी पास झालेला मित्र किंवा शिक्षक लागतो. काही इन्शुरन्स कंपन्या त्याचं वय २५ च्या वर मागतात. म्हणून दोघांनी एकाच वेळी अर्ज करा, ‘आधी माझं होऊ दे, मग तुझं बघू’ असं करू नका.

पास झालात की त्या क्षणापासून एकट्याने चालवता येतं, कार्ड मागाहून घरी येतं. इन्शुरन्स कंपनीला त्याच दिवशी कळवा, नाहीतर पॉलिसी जुन्या माहितीवर राहते. भारतातला नो-क्लेम बोनस बहुतेक कंपन्या धरत नाहीत, पण विचारून बघायला हरकत नाही.

पुढची दोन वर्षं मात्र सांभाळून. ब्रिटनच्या नजरेत तुम्ही नवे चालक आहात, कारण पहिली ब्रिटिश परीक्षा आत्ता पास झालात. १९९५ च्या नवचालक कायद्यानुसार पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं आणि प्रोव्हिजनलपासून दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. गाडी चालवताना फोन हातात धरण्याचे एका फटक्यात ६ पॉइंट आणि २०० पौंड दंड, सिग्नलला उभे असलात तरी. वेगमर्यादा ओलांडल्याचे सहसा ३ पॉइंट आणि १०० पौंड. आणि भारतीय लायसन्सवर चालवताना मिळालेले पॉइंटही डीव्हीएलएच्या नोंदीत राहतात. आत्ता या पाच महिन्यांत कॅमेऱ्याने ३ दिले आणि पास झाल्यावर आणखी ३ मिळाले, तर बेरीज ६ होते. घराचा पत्ता बदलला तर डीव्हीएलएला कळवणंही बंधनकारक आहे, न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड आहे. दंडाची नोटीस जुन्या घरी जाऊन पडते आणि उत्तर द्यायची मुदत उलटते, हे वेगळंच.

भारतीय लायसन्स तुमच्याकडेच राहतं, ते टाकून देऊ नका. सुट्टीत नाशिकला गेल्यावर लागतंच. त्याची मुदत संपण्याआधी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष एवढ्या काळात नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, त्याहून उशीर झाला तर आरटीओत पुन्हा परीक्षा द्यावी लागते. चाळिशी ओलांडली असेल तर फॉर्म १-ए वर डॉक्टरचा दाखलाही जोडायचा असतो. भारतभेट ठरवताना कार्डावरची तारीख बघूनच तिकीट काढा.